नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही रे

नाशिक

प्रिय दोस्ता,

काल फोनवर तू घाईत होतास, पण जाता जाता जे बोललास ना, की "आमच्या घरी सगळ्यांचे डोळे चेक झालेत, मॉलमध्ये चष्म्याच्या दुकानात फ्री होतं, आईबाबा आलेले तेव्हा त्यांचे पण करून घेतले", ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायलाच बसलो. मोठं होणार आहे पत्र, पण पूर्ण वाच आणि वहिनींनाही वाचायला दे.

त्या दुकानात काय होतं तुला माहितीच आहे. मशीनला हनुवटी टेकवायची, आत लांबवर ते चित्र धूसर-स्पष्ट होतं, मग पाटीवरची अक्षरं वाचायची आणि नंबरचा कागद हातात. नंबर बरोबरही असेल, माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण त्यात डोळ्याचं प्रेशर कुणी बघितलं नाही, थेंब टाकून बाहुली मोठी करून मागचा पडदा कुणी बघितला नाही, आणि जे आजार नजर कायमची घेऊन जातात ते नेमके तिथेच बसलेले असतात, सुरुवातीला दुखत नाहीत, लाल होत नाहीत, समोरचं सगळं नीट दिसत असतं. नंबर काढणं आणि डोळे तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आमच्या अण्णांमुळे, म्हणजे माझ्या वडिलांमुळे कळलं.

अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले तेव्हापासून रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. गोदाघाटावर गेले की पायऱ्या उतरताना पाय चुकायचा, दोनतीनदा उंबऱ्याला ठेच लागली, घरात सगळे म्हणायचे गुडघ्यांचं असेल. मोतीबिंदू आहे का एवढंच बघायला नेलं होतं. तिथे प्रेशर मोजलं तर एका डोळ्यात तीसच्या आसपास, साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात. मग डॉक्टरांनी आतली नस बघितली आणि फिल्ड टेस्टला पाठवलं. अंधारी खोली, एक डोळा पट्टीने झाकलेला, समोर अर्ध्या वाटीसारखं पांढरं मशीन, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी टेस्ट घेणाऱ्या मुलीच्या मागे उभा होतो. स्क्रीनवर ठिपका येत होता, जात होता, परत येत होता आणि अण्णांचं बटण वाजतच नव्हतं. त्यांना वाटत होतं मशीन थांबलंय, त्यांनी विचारलंही, "ताई, चालू आहे ना?" कागद आला त्यात खालचा बराच भाग काळा. म्हणजे पायाजवळचं त्यांना दिसतच नव्हतं आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता, कारण दुसरा डोळा ती जागा भरून काढत होता.

काचबिंदू, म्हणजे बहुतेकदा वाढलेल्या प्रेशरने आतली नस हळूहळू मरत जाते तो आजार. मोतीबिंदू नाही. मोतीबिंदूत ऑपरेशन करून लेन्स टाकली की गेलेली नजर बहुतेकदा परत येते, काचबिंदूत जे गेलं ते गेलं, जे आहे ते फक्त राखता येतं. आता रोज थेंब चालू आहेत, प्रेशर खाली आलंय, आणि जे उरलंय ते टिकून आहे. पण तुला सांगायचं कारण वेगळं आहे. डॉक्टरांनी त्याच दिवशी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "तुमचं झालंय का चेकअप? बहिणीचं?" हा आजार घरात चालतो, आईवडिलांना किंवा भावंडाला असेल तर आपल्याला धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त. तुझे मोठे काका शेवटी शेवटी आंधळे झाले होते ना, लहानपणी आपण त्यांना हात धरून पारावर न्यायचो. त्यांना नक्की काय झालं होतं कुणी कधी विचारलं का? विचार बाबांना. कारण ते जर काचबिंदूचं असेल तर बाबा, तू, तुझा भाऊ, सगळ्यांनी प्रेशर आणि नस बघून घ्यायलाच पाहिजे, चाळिशी उलटली की तर नक्कीच.

आता काकू, म्हणजे तुझी आई. शुगर किती वर्षं झाली त्यांना, दहाच्या वर गेली असतील. त्या म्हणतात मला सुईत दोरा ओवता येतो अजून, आणि येतही असेल, पण शुगरने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या ठिबकच्या जुन्या नळीसारख्या पाझरायला लागतात आणि ते मधल्या भागापर्यंत पोचेस्तोवर माणसाला काहीही कळत नाही. म्हणून टाइप टू शुगर निघाली की लगेच आणि मग दरवर्षी पडदा बघायचा असतो, दिसत असो नसो. वेळेत सापडलं तर शुगर-बीपी कंट्रोल आणि नुसतं लक्ष ठेवून भागतं, पुढे गेलं तर लेझर, नाहीतर डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतात. इंजेक्शन ऐकून काकू घाबरतील, त्यांना सांग की आधी डोळा बधिर करतात, आणि सांग की दरवर्षी दाखवलं तर बहुतेकदा तिथपर्यंत वेळच येत नाही.

काकांचं, म्हणजे तुझ्या बाबांचं मला सगळ्यात जास्त वाटतं, कारण ते द्राक्षाच्या मळ्यात असतात. आत्ता ऑक्टोबर छाटणी, मग पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटायला काड्यांना औषध लावणं, मग एकामागून एक फवारे. चष्मा-गॉगल कोण लावतं तिकडे? त्या पेस्टचं औषध डोळ्यात उडालं तर डोळ्याला खरोखर इजा करतं. उडालं की पहिलं काम पाणी, तिथल्या तिथे, पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरावीस मिनिटं, आणि मग तडक दवाखाना. तूप नको, गुलाबपाणी नको, घरी जाऊन बघू नको. आणि दुसरं म्हणजे काडी लागणं. छाटताना काडी डोळ्याला लागते, थोडं पाणी येतं, संध्याकाळी मेडिकलवाला ड्रॉप्स देतो. त्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असेल तर सत्यानाश, कारण झाडाच्या काडीने बुबुळावर बुरशी धरू शकते आणि स्टेरॉइडने ती फोफावते, लाली मात्र कमी झालेली दिसते म्हणून माणूस निवांत. मग बुबुळावर पांढरा डाग राहतो, फूल पडतं म्हणतात ते, आणि आयुष्यभराचं धूसर. आमच्या ओळखीत एका बागाईतदाराचं अगदी असंच झालं, चाळिशीतला माणूस, आता त्या डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळतो. आणि स्टेरॉइडचे थेंब महिनोनमहिने स्वतःच्या मनाने टाकले तर प्रेशरही वाढतं, मोतीबिंदूही लवकर येतो. काकांच्या कपाटात तसली जुनी बाटली असेल तर फेकून दे. बाटली उघडल्यावर महिनाभरात टाकून द्यायची असते असं बहुतेक ड्रॉप्सवर लिहिलेलंच असतं.

त्यांच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने पांढरट मांस चढल्यासारखं दिसतं ते मी मागच्या वेळी बघितलं, वडस असणार, उन्हाधुळीत काम करणाऱ्यांना होतो. तो लगेच काढावा लागतो असं नाही, पण बाहुलीकडे सरकतोय का ते बघून ठेवलं पाहिजे.

मळ्यात कामाला येणाऱ्या त्या मावशींची एक बाहुली पांढरी दिसते आणि सगळे म्हणतात पिकू दे, मग काढू. पिकायची वाट बघायचे दिवस गेले रे. आताच्या फेको पद्धतीत छोट्याशा छेदातून मोतीबिंदू विरघळवून ओढून घेतात, घडीची लेन्स बसवतात, बहुधा टाकाही लागत नाही. आणि जितका कडक होऊ द्याल तितकं ऑपरेशन अवघड, जास्त पिकला तर प्रेशर वाढून डोळा दुखायला लागतो. पैशाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला मोफत होतं, अंधत्व नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातच बसतं ते. आधारकार्ड, रेशनकार्ड घेऊन यायला सांग, सोबत मी जाईन.

मुलांचं सांगतो आता, आणि इथे जरा लक्ष दे. तुझ्या धाकटीचे डोळे एकदाही तपासले नाहीत, कारण ती टीव्हीवरचं बरोबर सांगते. माझा भाचाही सांगायचा. पाच वर्षांचा होता, बहिणीने खेळता खेळता त्याचा उजवा डोळा हाताने झाकला तर पोरगं चिडून हात ओढायला लागलं, डावा झाकला तर काहीच नाही, हसत खेळत राहिला. डाव्याला मोठा नंबर होता आणि मेंदूने तो डोळा वापरणंच सोडलं होतं, आळशी डोळा म्हणतात. चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले, तो पट्टी काढून फेकायचा, रडायचा, बहीण पण रडायची, मग पट्टीवर रोज वेगळा प्राणी काढायचा असं ठरवलं आणि वाघाच्या नादाने पोरगं बसायला लागलं. आता त्या डोळ्याने खालच्या ओळी वाचतो. पण हे सातआठ वर्षांच्या आत जितकं लवकर सापडेल तितकं बरं, नंतर मेंदू तेवढी दाद देत नाही. म्हणून शाळेत घालायच्या आधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मूल तक्रार करो ना करो. घरी डोळा झाकून बघ, पण त्यावर निभावून नेऊ नकोस.

थोरल्याचा नंबर दरवर्षी वाढतोय म्हणालास. नुसती काच बदलत राहू नकोस, डॉक्टरला नंबर वाढायची गती दाखव, जुने कागद आण. कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे थेंब रात्री देतात काही मुलांना, त्याने वाढ मंदावते, ते डॉक्टर ठरवतील. पण बाहेरच्या उजेडात रोज दोन तास खेळणं हे तुझ्या हातात आहे, नंबर लागूच नये म्हणून त्याचा उपयोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, लागलेल्या नंबरचं तितकं पक्कं नसलं तरी. आणि तो डोळे फार चोळतो हेही सांग तिथे, अॅलर्जी असेल तर थेंब देतील, चोळून चोळून या वयात बुबुळ टोकदार होत जाण्याचा आजारही होतो काही मुलांना.

तुझं आणि वहिनींचं थोडक्यात. डोळ्यांची आग होते त्यासाठी ब्लू कट काचेला जास्तीचे पैसे घालू नकोस, स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या फार कमी मिटवतो आणि डोळा कोरडा पडतो ते खरं कारण. मधून मधून लांब बघ, पापण्या मिटव, एसीचा झोत तोंडावर घेऊ नकोस. वहिनींना सांग कॉन्टॅक्ट लेन्स घालून आंघोळ नको, आणि रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे आमच्याकडच्या त्या रंगाच्या पाण्याच्या हौदांवर, येणार असाल तर लेन्स घरी ठेवून चष्मा लावूनच यायचं, तेही लांब उभं राहून.

आणि हो, तुझ्या भावाकडे बाळ येणार आहे ना. काकू हौसेने काजळ घालतील, त्यांना मीच सांगेन प्रेमाने, तीट गालाला लावा पण डोळ्यात काजळ नको, मध नको. बाळ चौतीस आठवड्यांच्या आधी झालं किंवा दोन किलोच्या आत असलं तर महिन्याच्या आत पडदा तपासून घ्यायचाच, हे दवाखान्यातून सांगितलं नाही तरी आपण विचारायचं.

आता प्लॅन ऐक. दिवाळीच्या सुट्टीत येतोयसच, तेव्हा सगळ्यांचं एकाच ठिकाणी करून टाकू, म्हणजे घरातला इतिहास एकाच डॉक्टरांसमोर राहील, काकांचं कळलं की तुझं बघतील, काकूंची शुगर कळली की तुझ्या भावाचीही चौकशी करतील. कॉलेज रोड, गंगापूर रोडला डोळ्यांचे बरेच दवाखाने आहेत, अण्णांचे डॉक्टर पण तिकडेच. सकाळची वेळ घेऊ, कारण थेंब टाकल्यावर चारपाच तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, गाडी चालवता येत नाही, म्हणून गाडी माझी, चालवणार मी. टोप्या आणि गॉगल आणा. मुलांना बाहुली मोठी करणारं मलम देऊन तीन दिवसांनी बोलावलं तर जवळचं, अभ्यासाचं धूसर बरेच दिवस राहतं, म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी करायचं, भाऊबीजेला किंवा लगेच दुसऱ्या दिवशी.

सगळ्यांचे जुने चष्मे आण, घालत नसतील ते पण. काकूंची शुगर-बीपीची फाईल आणि रोजच्या गोळ्यांची पट्टी, नाव लिहून आणू नकोस, पट्टीच आण. तिथे आधी नंबर आणि प्रेशर बघतात, मग थेंब, मग डॉक्टर, त्यामुळे अर्धा दिवस धरून चाल. कुणी ऑपरेशन सांगितलंच तर कुठली लेन्स आणि का, ते शांतपणे विचारू, जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी महागडी मल्टीफोकल सगळ्यांनाच चालते असं नाही, पडदा किंवा नस कमजोर असेल तर साधीच बरी.

मोठ्या काकांचं बाबांना आजच विचार आणि तारीख कळव, मी अपॉइंटमेंट घेऊन ठेवतो. सहा जणांची एकदम मिळायला आधी सांगावं लागतं.

तुझाच,
जुना दोस्त