ओपीडीत एकाच बाकावर बसवू नका

रविवारच्या पुरवणीतला सिस्टिक फायब्रोसिसवरचा (फुप्फुसांत घट्ट कफ साचणारा जन्मजात आजार) लेख आवडला, पण 'हे पेशंट एकमेकांना भेटायचं टाळतात' हे त्यात एका ओळीत उरकलंय आणि खरा मुद्दा तर तोच आहे. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस हा या पेशंटच्या फुप्फुसांना जडणारा चिवट जंतू ज्याला त्याला माती-पाण्यातूनच लागतो असं डॉक्टर आधी धरून चालायचे, पण केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या जंतूंचा अख्खा जीनोम (सगळी जनुकीय माहिती) वाचला तेव्हा वेगवेगळ्या पेशंटमधले काही जंतू जवळपास सारखेच निघाले, म्हणजे लागण बहुधा एका पेशंटकडून दुसऱ्याला होत होती (हे २०१३ मध्ये छापून आलं). मग २०१६ मध्ये ५१७ पेशंटचे नमुने तपासले, त्यात तर तेच मोजके वाण युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही सापडले.

माझ्या भाचीला हा आजार आहे. गेल्या महिन्यात ओपीडीत तिच्याच आजाराचा एक मुलगा दोन तास तिला खेटून बसला होता, दोघं एकाच मोबाइलवर गेम खेळत होती, मधेमधे खोकत होती, आणि कोणीच काही बोललं नाही. जीनोम तपासणीला पैसा लागतो हे मान्य, पण या मुलांना वेगवेगळ्या दिवशी बोलवायला काय लागतं?

– एक वाचक, पुणे