आंदोलनाचे कापड जपा, पण धुऊ नका

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये सुरू झाला. ६ मार्च २०१८ रोजी शेतकऱ्यांचा लाँग मार्च इथूनच निघाला आणि १२ मार्चला आझाद मैदानावर पोहोचला. त्याचे फोटो घरोघरी पोहोचले. मोर्चातले कापड मात्र काठीवरून उतरले की बोचक्यात जाते आणि पुढे त्याची फडकी होतात. असे फलक, निशाणे आणि घोषणा शिवलेल्या गोधड्या रीतसर जमा करणारा सरकारी संग्रह नाशिकमध्ये सुरू करावा, ही आमची मागणी आहे.

चिलीमध्ये १९७३च्या लष्करी उठावानंतर बेपत्ता झालेल्यांच्या आयाबहिणींनी पोत्याच्या कापडावर चिंध्या जोडून आपली कैफियत मांडली. अशा कापडी चित्रांना आर्पिएरा म्हणतात. काहींच्या पाठीमागे छोटा खिसा असतो आणि त्यात चिठ्ठी असते. म्हणून कापड दाखल करून घेताना दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. गोधडी असेल तर कोणते ठिगळ कोणाच्या लुगड्याचे, हे शिवणारीला तिथेच विचारून लिहून घ्यावे. नंतर ते सांगणारे कोणी उरत नाही.

नुकसान बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच होते. कापड धुऊन, इस्त्री करून ठेवले जाते. स्वस्त लाल रंग पहिल्याच पाण्यात उतरतो आणि शेजारच्या पांढऱ्या अक्षरांत शिरतो. शिवाय रस्त्याची माती हाही पुरावाच आहे. ती राहू द्यावी. सैल धूळ तेवढी मऊ ब्रशने झटकावी. टाचण्या आणि सेफ्टी पिना लगेच काढाव्यात, त्यांचा गंज धाग्याला खातो. मांजरपाटाला खळ असेल तर कसर लागते, म्हणून असे कापड वेगळे ठेवून वरचेवर तपासावे.

ठेवताना घडी घालू नये, कारण घडीच्या रेषेवरच कापड आधी विरते. निदान चार इंच जाडीच्या नळीवर स्वच्छ, न रंगवलेले सुती कापड गुंडाळून त्यावर फलक गुंडाळावा, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून. जाड गोधडी मात्र आडवीच ठेवावी. वर्तमानपत्र नको, त्यातल्या आम्लाने कापड पिवळे पडते. प्लॅस्टिकची पिशवी तर मुळीच नको: नाशिकच्या पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहावी आणि प्रदर्शनात उजेड ५० लक्सपेक्षा जास्त नसावा.

जागा म्हणून नाशिकचा जुना सरकारवाडा पहिल्यांदा आठवेल. पण तो सराफ बाजारात आहे आणि तिथे गोदावरीच्या पुराचे पाणी शिरते. तळमजला देणार असाल तर नकोच; वरचा मजला किंवा शहरात उंचावरची दुसरी इमारत द्या.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी अट पुढची आहे. कापड कोणाच्या विरोधात बोलते, यावरून त्याची निवड होऊ नये. हे नियमातच लिहावे आणि निवड समितीत शिवणाऱ्या बायका असाव्यात. आपल्याच सरकारचा निषेध करणारा फलक घेऊन कोणी आले, तर त्यालाही तीच पोचपावती आणि तीच सुती गुंडाळी मिळावी.

आपले,
गोधड्या आणि कापडी फलक शिवणारे कारागीर,
नाशिक