‘धोक्याबाहेर’ या शब्दानंतर

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातल्या रात्रीच्या अपघातांच्या बातम्या येऊ लागतात आणि जखमींविषयीचा मजकूर बहुधा ‘प्रकृती धोक्याबाहेर आहे’ या वाक्यावर थांबतो. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाविषयीही हेच वाक्य छापून आले होते. ते खोटे नव्हते, पण त्यापुढे काय होते हे कुणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

गगनबावडा रस्त्यावर, मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसलेल्या उभ्या ऊस-ट्रॉलीवर भाऊ ज्या मोटारीत होता ती आदळली. तो मागच्या सीटवर होता आणि त्याने पट्टा लावलेला नव्हता. कपाळाला चार टाके पडले, दोन दिवस तो असंबद्ध बोलत होता, सीटी स्कॅनमध्ये कपाळामागे थोडा मुका मार दिसला, शस्त्रक्रिया करावी लागली नाही आणि नवव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी आला. आईने अंबाबाईची ओटी भरली.

गुळाच्या अडत दुकानात तो हिशेब पाहत असे. सौद्यात निघालेला दर, गुळाच्या रव्यांची म्हणजे ढेपांची संख्या, वजन, हमाली, तोलाई हे सारे वहीत उतरण्याआधी त्याच्या तोंडी जमलेले असे. तिसऱ्या आठवड्यात तो कामावर गेला तेव्हा एकाच शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, त्याने दोनदा केली आणि चूक दाखवताच वही भिरकावून दिली. ज्याचा चढलेला आवाज आमच्या घरात कधी कुणी ऐकला नव्हता, तो आता मुलीच्या हातून पेला पडला तरी अंगावर धावून जाऊ लागला. दूध करपल्याचा वास शेजारणीला तिच्या घरात आला. स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या त्याला आला नाही. दुपारी चार-चार तास झोपला तरी त्याचा थकवा जात नसे. नातेवाइकांचे निदान तयारच होते. ‘आजारपणात लाड झाले’, ‘कामाचा कंटाळा आलाय’, आणि शेवटी ‘कुणीतरी काहीतरी केलंय, देवऋषीला दाखवा’. हे सगळे माझ्या भावजयीने सात महिने ऐकून घेतले.

सात महिन्यांनी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी तिला समोर बसवून सांगितले की हा स्वभाव नाही, ही इजा आहे. वेगातली गाडी एकाएकी थांबते तेव्हा डोकेही कशावर तरी आपटून थांबते, पण कवटीच्या आतल्या पाण्यात तरंगणारा मेंदू पुढे जातच राहतो. डोळ्यांच्या खोबणींवरचा कवटीचा तळ आतून खडबडीत असतो. त्यावर मेंदूचा पुढचा भाग आणि कानशिलांलगतचा भाग घासला जातो, वासाचे तलम तंतू तुटतात आणि खोलवरचे तंतू ताणले जातात. हे ताणलेले तंतू सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसत नाहीत. राग आवरणे, कामाचा क्रम लावणे, समोरच्याचे मन ओळखणे ही मेंदूच्या याच पुढच्या भागाची कामे आहेत.

घरी सोडताना त्याच्या कार्डावर 15 पैकी 15 असा आकडा होता आणि आम्ही त्यावर निर्धास्त झालो. ग्लासगो येथील टिसडेल आणि जेनेट या मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी 1974 साली मांडलेले हे माप आता 3 ते 15 गुणांत मोजतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे ते सांगते. हिशेब, संयम आणि घरातली नाती मोजण्यासाठी ते केलेलेच नाही, एवढे एक वाक्य जरी त्या दिवशी कुणी बोलले असते तरी ते सात महिने वेगळे गेले असते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना, रुग्णालय सरकारी असो वा खासगी, मराठीत छापलेला एक कागद नातेवाइकांच्या हाती द्यावा आणि तो वाचून दाखवावा. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झोप अनावर झाली, हात वा पाय लुळा पडला किंवा फिट आली तर तत्काळ परत आणावे, हे त्यात असावेच. कारण कानशिलाच्या हाडाखालची रक्तवाहिनी फुटलेला माणूस कधीकधी सुरुवातीला चांगला बोलतो आणि काही तासांत बेशुद्ध होतो. पण पुढच्या महिन्यांत विसर, चिडचिड, थकवा आणि वास न येणे दिसू शकते, डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज वाहन चालवू नये, दारू घेऊ नये, एका वेळी एकच काम द्यावे, हेही त्यात असावे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात अशा रुग्णांच्या फेरतपासणीसाठी आठवड्यातला एक वार ठरवून तो जाहीर करावा.

दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार नोंदले आहेत. अपघातात झालेली मेंदूची इजा त्यांत स्वतंत्रपणे नाही. हातपाय धड असलेल्या माणसाने प्रमाणपत्र कशाच्या आधारावर मागायचे, हा प्रश्न आमच्या खासदारांनी संसदेत विचारावा.

मागच्या सीटवर पट्टा लावण्याची सक्ती नियमात आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 1000 रुपये आहे. आमच्या घरी आता गाडी पट्टे लागल्याशिवाय निघत नाही. कारखान्यांनीही रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये.

भाऊ आता सकाळी दोन तास दुकानात बसतो, प्रत्येक आकडा लगेच लिहून ठेवतो आणि दमला की स्वतःहून उठतो. सुधारणा चौथ्या वर्षीही चालू आहे. ‘धोक्याबाहेर’ असे ज्यांच्याविषयी आपण छापता, त्यांपैकी काहींच्या घरी आपल्या बातमीदारांनी सहा महिन्यांनी एकदा जाऊन यावे आणि त्यांच्या बायकांशी बोलावे.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर
(कुटुंबाच्या इच्छेवरून नाव छापू नये.)