ढाळजेतला डोळा

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

परवा तू म्हणालास, "अंबाजोगाईच्या घरी चार कॅमेरे बसवायलोय, पुण्यातून अण्णांवर ध्यान राहील." तू घाईत होतास, म्हणून बोललो नाही. तसंही फोनवर सांगितलं असतं तर 'हो हो' म्हणून सोडून दिलं असतंस. शाळेपासूनची सवय तुझी.

मागच्या वर्षी आईसाठी मी हेच केलं. एक कॅमेरा अंगणात, एक मागच्या बोळात आणि मान वळवणारा एक ढाळजेत, दारातून आत आल्याबरोबरच्या बसायच्या जागेत. बसवणाऱ्या पोरानं राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून दिला, मोबाइलवर चित्र आलं, मी खूश. युजरनेम अ‍ॅडमिन आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. "सर, सगळ्यांकडं हाच ठेवतो, विसरायचं कामच नाही," हे वर!

श्रावणात एका सकाळी आईचा फोन. "अनंता, रात्री मला बघत होतास का? ते गोळं माझ्याकडं मान फिरवायलतं." मी तर दहालाच झोपलो होतो. कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरमधल्या नोंदी उघडल्या तर कुठल्या कुठल्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या अनोळखी ठिकाणांहून, लॉगिन झालेलं. माझी आई वाती वळत बसते त्या जागी कोण डोकावत होतं, देव जाणे. हातपाय गार पडले. आईला सांगितलं, मशीन बिघडलंय.

ते आपलंच घर हेरून आले असतील असं नाही. इंटरनेटवर उघडी पोर्टं धुंडाळणारी यंत्रं रात्रंदिवस दारं ठोठावत फिरतात. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं, म्हणजे घातक प्रोग्रामनं, असेच कॅमेरे नि डीव्हीआर (रेकॉर्डर) ताब्यात घेतले होते. त्याच्याकडं होती काय, तर कारखान्यातल्या साठेक युजरनेम-पासवर्डांची यादी! त्या ऑक्टोबरात वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला, त्यात अशी उपकरणं वापरली गेली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. कुणाच्या तरी दारावरचा कॅमेरा त्या लढाईत शिपाई झाला, मालकाला पत्ताही नाही.

मी काय केलं ते सांगतो. पहिलं, पोर्ट बंद. राउटरमधली यूपीएनपी ही आपोआप पोर्ट उघडायची सोयही बंद केली, नाहीतर रेकॉर्डर परस्पर आपलं दार उघडून घेतो. मग फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट, लांब पासवर्ड आणि रोजच्या बघण्यासाठी नुसते बघायचे अधिकार असलेलं वेगळं खातं. बसवणाऱ्याला माहीत असलेला पासवर्ड तो गल्लीच्या बाहेर पडायच्या आत बदल. पोरगा भला असेल, पण आपल्या घराची किल्ली आपल्याचकडं बरी.

मग बाहेरून बघायचं कसं? मी घरी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक ठेवला, त्यावर टेलस्केल. हा व्हीपीएन म्हणजे घरापर्यंतचा आपला खासगी बोळ. त्यातून गेल्यावरच कॅमेरे दिसतात, रस्त्यावरच्याला दारच दिसत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ कनेक्शनांना बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, तरी याचं अडत नाही. एवढी खटपट नको असेल तर कंपनीचं अ‍ॅप वापर. त्यात पोर्ट उघडावा लागत नाही, पण विश्वास कंपनीच्या सर्व्हरवर टाकावा लागतो. दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर चालू कर. आणि कॅमेऱ्यावरच्या क्यूआर कोडचा फोटो भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस. तुझ्या मेव्हण्यानं टाकलाय, म्हणून म्हणतो.

मोबाइलवर सबस्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं हलकं चित्र, लाव. दोन एमबीपीएसचा मुख्य प्रवाह तासाला जवळपास 900 एमबी खातो. आणि कॅमेरे इन्व्हर्टरवर घेशील, तसा राउटरही घे. लाइट गेली की माझा रेकॉर्डर चालू नि राउटर मेलेला. इकडं मी काळा पडदा बघत, आई तिकडं निवांत.

राहिलं ढाळजेतलं. आईनं तो कॅमेरा काढायलाच लावला. "दारावर असू दे, पण माझ्या बसण्याउठण्यावर कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. बसवायच्या आधी मी तिला विचारलंच नव्हतं. तिथल्या खिळ्याला आता तिची कापसाची पिशवी लटकते.

तू अण्णांना विचारलंस का? दिवाळीत दोघंही गावी असू, तोवर काम थांबव. राउटर आपण दोघं मिळून बघू. आणि नवा पासवर्ड मलासुद्धा सांगू नकोस.

तुझा,
अनंता