केंटमधलं सातशे वर्षांचं ओक आणि वाईतला आमचा सोपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या इंग्लिश मॅनर घरांवरचा, म्हणजे तिथल्या जमीनदारांच्या घरांवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत. मजकुरातल्या दोन विधानांवर मात्र लिहिल्याशिवाय राहवेना. एक, ती घरं दगडाची म्हणून टिकली आणि आपले वाडे लाकडाचे म्हणून गेले. दुसरं, ती घरं जशी बांधली तशीच आजही उभी आहेत.

मी ३१ वर्षं सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होतो. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात तीन-चार महिने इंग्लंडच्या केंट परगण्यात, टनब्रिजला लेकीकडे असतो. तिच्या घरापासून मोटारीनं वीसेक मिनिटांवर आय्टम मोट नावाचं मॅनर घर आहे. स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर इग्थॅम होईल, पण तिथली माणसं आय्टमच म्हणतात. पहिल्यांदा नातवाला घेऊन सहज गेलो होतो, त्यानंतर दहा-बारा वेळा तरी गेलो असेन.

मोट म्हटल्यावर आपल्याला विहिरीवरची चामड्याची मोट आठवते. इथे हा शब्द घराभोवतीच्या पाण्याच्या खंदकावरून आला असं काही जण मानतात, तर काहींच्या मते पूर्वी इथे भरणाऱ्या गावसभेच्या जुन्या इंग्रजी नावावरून. खंदकवाल्या घरांना लेखात ‘छोटे किल्ले’ म्हटलं आहे, ते मला पटत नाही. हे घर दरीच्या तळाशी आहे. आजूबाजूच्या चढावरून थेट छपरावर नजर पडते. किल्ला बांधणारा माणूस असली जागा निवडणार नाही. ओढ्याचं पाणी आयतं मिळालं, त्यात चोराचिलटाला अडवणं आणि मालकाचा मान दाखवणं, दोन्ही साधलं. मॅनर हा शब्द मुळात जमिनीचा. एका मालकाच्या ताब्यातली जमीन, ती कसणारी कुळं, त्यांच्या तंट्यांचा निवाडा करणारी मालकाची कचेरी, हे सगळं मिळून मॅनर. हा कारभार ज्या घरातून चाले ते मॅनर हाउस. त्यामुळे किल्ल्यापेक्षा आपल्याकडच्या वतनदाराच्या वाड्याशी त्याचं नातं जवळचं आहे.

दगडी पुलावरून खंदक ओलांडला की दरवाजाचा बुरूज लागतो, तो १४८० च्या सुमाराचा. त्याच्या भिंतीत एक अरुंद फट आहे. आलेला माणूस कोण, कुठला, हे पहारेकऱ्यानं तिच्यातून बघायचं आणि मगच दार उघडायचं. आपल्या देवडीवरच्या माणसाचं कामही हेच. आत गेलो आणि मी थबकलोच, कारण समोर चौक होता! चारी बाजूंनी घर आणि मध्ये आभाळ. एकही बाजू दुसरीशी जुळत नाही. कुठे खालपासून वरपर्यंत रॅगस्टोन नावाचा करडा दगड, कुठे खाली दगड आणि वर ओकची चौकट, तिच्या खणांत गिलावा. सगळ्या मिळून सत्तरहून जास्त खोल्या आहेत. नातवाला मात्र आवडलं ते चौकातलं कुत्र्याचं घर. डायडो नावाच्या सेंट बर्नार्ड कुत्रीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं ते लाकडी घर आज सरकारी यादीत पहिल्या दर्जाची संरक्षित वास्तू आहे.

घरातला सगळ्यांत जुना भाग म्हणजे मोठा हॉल. तो १३३० च्या आसपासचा, हे त्याच्या लाकडावरूनच ठरवलं आहे. झाडाच्या बुंध्यात दर वर्षी एक वलय वाढतं. पावसापाण्याच्या वर्षी रुंद, दुष्काळात अरुंद. जुन्या तुळईतल्या वलयांचा क्रम माहितीतल्या क्रमाशी जुळवला की झाड कधी तोडलं ते कळतं. दिल्लीत मुहम्मद तुघलकाचं राज्य होतं तेव्हाचं ओक आज या छपराला आहे. मधली कमान दगडी आहे, दोन्ही टोकांच्या कमानी लाकडी. कमानी जिथे भिंतीवर टेकतात तिथे दबून बसलेली, तोंडं वेडीवाकडी केलेली माणसं कोरली आहेत. छपराचा भार जणू त्यांच्याच खांद्यावर आलाय. हे कोरणाऱ्या कारागिराला भार कुठून कुठे उतरतो हे पक्कं कळलेलं होतं. मी त्यांच्याखाली मान वर करून उभा राहिलो आणि किती वेळ गेला ते कळलं नाही.

आता ‘जशी बांधली तशीच’ या विधानाबद्दल. १५२१ मध्ये आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या सर रिचर्ड क्लेमंटनं हे घर घेतलं. वरच्या मजल्यावर एक लांब खोली आहे, आज तिथे चॅपल, म्हणजे घरातलं प्रार्थनास्थान आहे. तिच्या गोलसर लाकडी छतावर त्या काळात रंगवलेली चिन्हं अजून दिसतात. हेन्रीच्या ट्यूडर घराण्याचा गुलाब आहे, तसं त्याची राणी कॅथरीन हिचं डाळिंबही आहे. राजानं पुढे कॅथरीनला दूर केलं, देशाचा धर्मपंथसुद्धा बदलला, पण क्लेमंटच्या छतावरची डाळिंबं राहिली. रंग फिके झालेत, तरी ओळखू येतात. पुढे १५९१ पासून १८८९ पर्यंत, जवळजवळ तीनशे वर्षं, घर सेल्बी घराण्याकडे होतं. त्यांच्या काळात दिवाणखान्यात हातानं रंगवलेला चिनी भिंतकागद आला. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड नॉर्मन शॉ या नामांकित वास्तुविशारदानं आतल्या काही भागांचं रूप पालटलं. म्हणजे प्रत्येक पिढीनं इथे हात घातला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘जसंच्या तसं’ राहिलं तेवढंच अस्सल असं एकदा डोक्यात बसलं की नळ, वीज, नवी मोरी आलेला आपला वाडा आपल्याला बाटलेला वाटू लागतो, आणि मग त्याच्यावर घण घालताना हात कचरत नाही.

१८८९ मध्ये घर घेणाऱ्या सर थॉमस कॉलियर-फर्ग्युसन यांनी बरीच दुरुस्ती केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आठवड्यातून एक दुपार घर लोकांना पाहायला उघडत. त्यांचा मुलगा पहिल्या महायुद्धात ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत पडला, वय अवघं २१. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. त्याच्या रणभूमीवरच्या थडग्याचा लाकडी क्रूस चॅपलमध्ये ठेवला आहे. त्याच्यासमोर माणसं आपोआप हळू बोलतात.

सर थॉमस गेल्यावर १९५१ मध्ये घर विकायला निघालं. छपरावरच्या शिशासाठी ते पाडावं किंवा त्याचे फ्लॅट करून विकावं, अशा सूचना तेव्हा झाल्या होत्या. हे वाचताना पोटात कालवलं. आपल्याकडचीच भाषा ही, फक्त शिशाच्या जागी चटई क्षेत्र घालायचं. गावातल्या तिघांनी मिळून ते विकत घेतलं आणि वेळ मारून नेली. दोन वर्षांनी चार्ल्स हेन्री रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थांनी ते घेतलं. तरुणपणी केंटमध्ये सायकलवर फिरताना त्यांनी हे घर पाहिलं होतं. बोटीनं परत जाताना त्यांचं मन डळमळलं आणि सौदा मोडण्याचं पत्रही त्यांनी लिहिलं, पण बोटीवर ते टाकता आलं नाही, अशी गोष्ट तिथे सांगतात. १९८५ मध्ये ते वारले आणि घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं. त्यांच्या अस्थी याच घराच्या भिंतीत ठेवल्या आहेत.

माझ्या पत्राचा खरा मुद्दा इथून पुढे आहे. १९८९ ते २००४, अशी पंधरा वर्षं ट्रस्टनं या घराची दुरुस्ती केली. खर्च एक कोटी पौंडांहून जास्त. लाकूड ओल धरून होतं आणि त्यात डेथवॉच नावाचा भुंगा शिरला होता. तो लाकडावर डोकं आपटून टकटक आवाज करतो. रात्री मरणाच्या दारातल्या माणसाच्या उशाशी जागणाऱ्यांना तो ऐकू यायचा, त्यावरून हे नाव पडलं. त्याला ओलसर, बुरशी धरलेलं ओक लागतं. कोरड्या, वारा खेळणाऱ्या लाकडात त्याचं फारसं चालत नाही. या लोकांनी घराचा मोठा भाग सोडवला, कुठला तुकडा कुठे आणि कसा बसवला होता याची नोंद केली आणि पुन्हा उभारणी केली. तिथल्या एका वयस्क स्वयंसेवक बाईंनी मला एक खांब दाखवला. पायाकडचा कुजलेला भाग तेवढा कापून तिथे नवं ओक तिरक्या सांध्यानं जोडलेलं, लाकडीच मेखा मारलेल्या. वर काळपट जुनं, खाली फिकट नवं. सांधा लपवलेला नाही. मी त्यावरून हात फिरवला तर नखसुद्धा अडकलं नाही.

हे पाहिलं आणि वाई आठवली. आमच्या पणजोबांच्या वाड्याच्या मागच्या सोप्यात १९९४ च्या पावसाळ्यात एक तुळई खचली. थोरले भाऊ म्हणाले, ‘तू या कामातला, तू सांग काय करायचं.’ मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शिडीवर चढलो. तुळई भिंतीत जिथे घुसली होती तिथे वरून गळती होती. त्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर चार बोटं आत गेला. हातभर अलीकडे टेकवला तर सागात टोक रुतेना. दुखणं हातभर लाकडाचं होतं आणि ते मला तेव्हाच कळलेलं होतं. तरी मी सांगितलं, ‘पाडा, स्लॅब टाकू.’ आम्हाला शिक्षणच आरसीसीचं, लाकडाचा सांधा अंदाजपत्रकात कुठल्या दरानं धरायचा हेही मला ठाऊक नव्हतं. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं तुळया नेल्या. टेम्पोत चढवताना एकेका तुळईला सहा-सहा माणसं लागली. ज्या लाकडाला मी आयुष्य संपलं म्हणून शेरा दिला, ते त्यानं पैसे मोजून नेलं. भाऊ आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

आमच्या सोप्याला पंधरा वर्षं आणि एक कोटी पौंड लागणार नव्हते. चांगला सुतार, हातभर साग, गळती काढायला चार पत्रे आणि तुळईच्या टोकाला वारा लागेल एवढी भिंतीत पोकळी, एवढंच लागणार होतं. म्हणून ‘वाडे लाकडाचे म्हणून गेले’ हे वाक्य आपल्या वाचकांसमोर तसंच राहू नये. वाडा पाडायला निघालेल्या घरात ते दाखला म्हणून वापरलं जाईल. ओल आली, गळती काढली नाही आणि माझ्यासारख्यानं पाडा म्हणून सांगितलं, म्हणून ते गेले. ही दुरुस्ती आपण छापावी.

आणखी एक विनंती. वाडा वाचवणं प्रत्येकाला परवडेल असं मी म्हणणार नाही. भावकी, कोर्टकज्जे, सगळं मला माहीत आहे. पण पाडण्याआधी त्याचं मोजमाप तरी व्हावं. चौकाची लांबी-रुंदी, खण किती, तुळईची जाडी, सांधे कसे, जमलं तर काम करणाऱ्या सुताराच्या घराण्याचं नाव. असे आराखडे वाचकांकडून मागवून आपण पुरवणीत दर आठवड्याला एक छापलात तर वर्षात पन्नास वाडे कागदावर तरी राहतील. मी नोव्हेंबरपासून वाईत असेन. सातारा, भोर, पुण्याच्या पट्ट्यात कुणाला मोजमापाला हात हवा असेल तर आपल्यामार्फत कळवावं. टेप, ओळंबा आणि आराखड्याचे कागद घेऊन मी येईन, शिडी तेवढी त्यांनी द्यावी.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर
वाई (सध्या मुक्काम टनब्रिज, केंट)