फोन काढून घेणार नाही: सईला पत्र

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

आता तुझ्या हातात स्वतःचा फोन आहे, त्यावर वर्गाचा ग्रुप आहे, क्लासचा आहे. कधी ना कधी नको ते, म्हणजे अश्लील फोटो-व्हिडिओ, समोर येणारच. त्यात तुझी चूक नसते. कुतूहलानं थोडा वेळ पाहत राहिलीस, तरी आमच्याकडे ये. फोन काढून घेणार नाही, हे आम्ही दोघं लिहून देतोय. फोन जाईल या भीतीनंच मुलं गप्प बसतात आणि त्रास देणाऱ्याचं फावतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ऑटो-डाउनलोड चालू असलं की फोटो तू बघायच्या आधीच फोनमध्ये उतरतो. सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा उघड आणि मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग या तिन्हींखालच्या खुणा काढ. पुष्कळ जण फक्त मोबाइल डेटाच्या काढतात, मग घरच्या वायफायवर सगळं उतरतं. प्रायव्हसीत ग्रुप्सला 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेव, म्हणजे अनोळखी माणूस तुला परस्पर ग्रुपात घालू शकणार नाही. नको ते गाळणारं गूगलचं सेफसर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोडही लाव, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोपुढे त्यांचं काही चालत नाही. वाईट रील आलं तर 'नॉट इंटरेस्टेड' दाब. थांबून पाहिलं की तसलीच आणखी येतात.

काही आलंच तर कुणालाही फॉरवर्ड करू नकोस, आम्हालासुद्धा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे अश्लील फोटो साठवणं, पाठवणं पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा कायदा) आणि आयटी कायद्यानं गुन्ह्यात मोडतं, म्हणून पुरावा म्हणूनही त्याचा स्क्रीनशॉट नको. नंबर, खात्याचं नाव, तारीख, वेळ वहीत लिही आणि फोन आहे तसा आम्हाला दाखव. मग आपण मिळून त्या अ‍ॅपवर रिपोर्ट करू. कुणी केलं हे समोरच्याला कळत नाही.

सगळ्यात जपायचं ते धमकीला. समवयस्क म्हणून कुणी ओळख वाढवतो, फोटो मागतो आणि मग "पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवीन" म्हणतो. फोटो तुझा असो किंवा तुझा चेहरा लावून एआयनं बनवलेला, एक रुपयाही देऊ नकोस. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. भीतीपोटी चॅट पुसू नकोस, तपासाला तेच लागतं. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर किंवा इथल्या सायबर पोलीस ठाण्यात करता येते. आम्ही सोबत असू. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही आहे. तिथं फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याची डिजिटल खूण तयार होते आणि त्यात सहभागी असलेल्या साइट ती जुळवून फोटो काढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये मात्र तिचा उपयोग होत नाही, म्हणून सांगायला उशीर करू नकोस.

आम्ही कामावर असलो किंवा आम्हाला सांगायला जड गेलं, तर १०९८ ला फोन कर. मुलांसाठीचा हा नंबर २४ तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

तुझे,
आई-बाबा