खापऱ्या वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम उघड लिहितेय, कारण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता.

सिडनीतल्या ‘द रॉक्स’बद्दल मला माहीत होतं ते एवढंच, की कैद्यांची, खलाशांची बदनाम वस्ती. तिथे १९९४ साली कंबरलँड आणि ग्लॉस्टर रस्त्यांमध्ये उत्खनन झालं, लाखो वस्तू निघाल्या. अशा ठिकाणच्या निळ्या-पांढऱ्या खापऱ्या वाचायच्या कशा, ते तुम्ही दाखवलंत.

भिंग हातात देऊन आधी काठ बघायला लावलात. वेलबुट्टी एके ठिकाणी अडखळते, फूल अर्धंच राहतं. तिथे छापाच्या कागदाचा जोड. मग सगळी कृती सांगितलीत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात तेलात खललेला कोबाल्टचा रंग भरायचा, पातळ कागदावर छाप उठवायचा, तो एकदा भाजलेल्या बशीवर घासून बसवायचा, कागद धुवून टाकायचा, मग झिलई आणि पुन्हा भट्टी. इंग्लंडमधल्या स्टोक गावचा कुंभारकामाचा कारखानदार जोसाया स्पोड याने १७८४ च्या सुमारास झिलईखालच्या निळ्या छपाईत जम बसवला. कागद कापायचं, चिकटवायचं काम मात्र बायका आणि मुली करत. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता.

काळ ओळखायच्या खुणाही तुमच्याच. रेघांबरोबर ठिपक्यांची छटा दिसली तर साधारण १८०० नंतरचं, हिरवा-जांभळा छाप असेल तर १८२० च्या दशकाच्या अखेरीनंतरचं, आणि मागे पत्त्यातल्या चौकटसारखी नोंदणीची खूण असेल तर १८४२ ते १८८३ मधलं.

विलो नक्षी, म्हणजे विलोचं झाड, पूल आणि पाखरांची जोडी असलेलं चिनी धाटणीचं निळं चित्र, कितीतरी कारखाने काढत. एक बशी फुटली, दुसऱ्या कारखान्याची आणली, तरी मांडणीवरचा संच जुळलेलाच. कैदी म्हणून आलेल्यांनाही चारचौघांसारखं नीटनेटकं जेवायला वाढायचं होतं, हे त्या तुकड्यांतून मला पटलं. ‘बदनाम’ म्हणणारे बाहेरचे होते.

आणि स्पोडच्या भांड्यांची ती ‘इंडियन स्पोर्टिंग’ मालिका! कॅप्टन थॉमस विल्यमसनच्या रेखाटनांवरून सॅम्युएल हॉविट या इंग्रज चित्रकाराने काढलेल्या आपल्याकडच्या शिकारी, हत्ती, वाघ, आणि त्यावर इंग्रजांनी मटण वाढून घ्यायचं. मी हसले, तुम्ही नाही.

आता नव्या मुलींना मीही आधी काठच बघायला लावते. कुणी विलो नक्षीतल्या चित्राची प्रेमकथा जुनी चिनी दंतकथा म्हणून सांगायला लागली, की ती माल खपवायला इंग्लंडमध्येच रचली, हे तुमच्याच ठसक्यात ऐकवते. त्या ठसक्याबद्दलही आभार.

तुमची,
शनिवारची मदतनीस